पडेल ते लंकाबाईचं

चिंच कोसळल्याचा धुरळा खाली बसला, तसा गोरक्षनाथ बांध ओलांडून धावत आला आणि थोरल्या बहिणीला त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा :

“आक्का, वाटणीचा कागद कुठं हाय?”

लंकाबाई ओट्यावर रेशनचा मिलो, ती परदेशी तांबडी ज्वारी, निवडत बसली होती, म्हणून वाचली होती. मांडीवरचं सूप उपडं झालं होतं, केसांत पत्र्याचा गंज उडाला होता, आणि समोर, पिठाच्या गिरणीचं छप्पर जिथे होतं तिथे, भावाच्या बांधावरची ती वाळकी चिंच आडवी पडली होती... जणू इतकी वर्षं उभी राहून दमली आणि जवळ सापडलं त्या छपरावर टेकली. वारा नव्हता. वैशाखातल्या त्या सकाळी मिरजगावात झाडाचं पान हलत नव्हतं. चिंचेला तर हलायला पानच नव्हतं. गिरणीचे दगड फुटले होते, इंजिनाचं चाक तडकलं होतं, आणि त्या अवशेषांसमोर उभा राहून तिचा भाऊ कागद मागत होता!

भेदरला असंल पोर, असं लंकाबाईने मनात म्हटलं. ते पोर चौतीस वर्षांचं होतं. पण गोरखला क्षमा करायला तिला आयुष्यात कधी विचार करावा लागला नव्हता. हात जसा आपसूक पदराकडे जातो तशी ती क्षमा तिच्याकडून होऊन जायची. पेटीच्या तळातून तिने कागद काढून दिला. तो घेऊन गोरख निघून गेला. आक्का, तुला कुठं लागलं का, हे विचारायचं त्याच्याकडून राहूनच गेलं.

लंकाबाईचं लग्न सोळाव्या वर्षी खर्ड्याला झालं होतं. सासरी चार महिने होतात न होतात तोच आई गेल्याचा सांगावा आला, आणि तेराव्यापुरती माहेरी आलेली लंकाबाई तिथेच राहिली, कारण दीड वर्षाचा गोरख तिच्या मानेचा विळखा सोडीना. सासरच्यांनी दोनदा गाडी पाठवली. तिसऱ्यांदा गाडी आली नाही. नव्या सुनेच्या लग्नाची पत्रिका आली. लंकाबाईने ती कुणाकडून तरी वाचून घेतली, तिची होडी करून गोरखला दिली, आणि त्या वात्सल्याच्या भरात आपल्या संसाराचं काय झालं हे तिच्या ध्यानात यायला पुढे बरीच वर्षं गेली.

बाप वारला तेव्हा रीतीप्रमाणे तिने हक्कसोड पत्रावर अंगठा केला. बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने लुगडं-चोळी करायची, अशी आपल्याकडे समसमान वाटणी आहे. बांधालगतचा एक तुकडा तेवढा तिने गिरणीसाठी मागून घेतला. त्या दिवशी गोरखला थोडी लाज वाटली असावी. तो म्हणाला, आक्का, अजून काहीतरी माग. तेव्हा ती हसत म्हणाली होती, “चिंच तुझीच ऱ्हाऊ दे. माझ्या हद्दीत जे पडंल ते माझं.” तिच्या मनात चार चिंचा होत्या. पण कागद लिहायला बसलेल्या शाळामास्तरांचं अक्षर फार वळणदार आणि मन फार काटेकोर. त्यांनी लिहिलं : ‘झाड गोरक्षनाथाचे. झाडाचे जे काही लंकाबाईचे हद्दीत पडेल, ते लंकाबाईचे.’ सगळे हसले, गूळ वाटला गेला.

पुढे गिरणीचं इंजिन बँकेने दिलं आणि त्याचा विमा उतरवायला लावला. गावात तोवर कुणाच्या जिवाचा विमा नव्हता. लंकाबाईच्या इंजिनाचा होता. दुष्काळाची ती दोन वर्षं त्या गिरणीवर गेली. अर्धं गाव तिच्याकडे लाल मिलो दळायला यायचं आणि चवीला नावं ठेवत पीठ घेऊन जायचं. चिंचेला वाळवी लागून ती उभ्याउभ्या मेली तीही याच दोन वर्षांत. लंकाबाईने भावाला तीनदा सांगितलं. गोरख तिन्ही वेळा म्हणाला, तोडतो की.

चार दिवसांनी नगरहून विम्याचे साहेब आले, मोडतोडीभोवती दोनदा फिरले, आणि चांगला माणूस होता म्हणून ओट्यावर बसून त्यांनी सगळं फोड करून सांगितलं. दुसऱ्याचं मेलेलं झाड तुमच्या गिरणीवर पडलं असेल, तर कंपनी गिरणी उभी करून देईल. मात्र झाड मेलंय हे ठाऊक असूनही मालकाने तोडलं नसेल, तर तो खर्च कंपनी त्याच्याकडून वसूल करील. गरज पडली तर जप्ती आणील. आणि झाड तुमचं स्वतःचं असेल तर... स्वतःचं मेलेलं झाड स्वतःच्या छपरावर ठेवणाऱ्याला कंपनी काही देत नसते. गुरुवारी पंचांसमोर जबाब घेऊ, म्हणाले.

जप्ती हा शब्द बांधापलीकडे पोचायला वेळ लागला नाही. गोरखने त्याच साली विहिरीवर नवी मोटार बसवली होती. विहिरीत पाणी नव्हतं. पण मोटार होती, आणि पाणी नसलेल्या विहिरीवरच्या मोटारीवर माणसाचा जीव जरा जास्तच जडतो.

कागद कशाला हवा होता हे लंकाबाईला तोवर कळलं नव्हतं. ते बुधवारी कळलं. वखारवाला नबीलाल आला, फुटक्या दगडांकडे बघत उभा राहिला, आणि मान खाली घालून म्हणाला, “आक्का, मी माघातच करवत घेऊन आल्तो. तुमच्या भावानं झाडाचा सौदा माझ्याशी केला हुता. मग म्हनले, थांब, वीटभट्ट्या पेटल्या की भाव चढंल, मेलेलं झाड कुठं पळून जातंय? आता गावात सांगत्यात का झाड आक्काचं. मंग मला इकलं कुनी?”

लंकाबाईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“उद्या साहेबाम्होरं मी सांगनार,” नबीलाल म्हणाला. “सौद्याची चिठ्ठी हाय माझ्यापाशी. त्यांच्या सहीची.”

तो गेला. गिरणी मोडल्याचं दुःख निराळं होतं, ते तिने चार दिवसांत गिळलं होतं. पण हे... झाड मेलेलं आहे, ते पडेल, पडलं तर आक्काच्या डोक्यावर पडेल, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने भाव चढायची वाट पाहिली. आणि आता तिच्याच हसण्यातला शब्द, तिने प्रेमाने टाकलेला, तो कागदावरून उचलून तिच्यावरच चालवणार होता. जिच्या मानेचा विळखा त्याने सोडला नव्हता, त्या मानेवर! तेहतीस वर्षांच्या ममतेत त्या बाईने पहिल्यांदा गोरखला क्षमा करायचा विचार केला, आणि विचार करावा लागतोय हेच तिला सहन होईना.

गुरुवारी ओट्यावर पंच बसले, त्यांत कागद लिहिणारे शाळामास्तरही होते. गोरखने कागद पुढे केला. साहेबांनी तो वाचला, परत वाचला, आणि अशा चमत्कारिक वाटणीबद्दल शाळामास्तरांकडे जरा रागानेच पाहिलं. गोरख म्हणाला, “पडंल ते तिचं, साहेब. आता झाडच पडलं. माझ्याकडं काय ऱ्हायलं?” पंचांपैकी एकजण हसला आणि मग कुणीच हसत नाही हे पाहून खोकला. नबीलालने खिशात हात घातला.

लंकाबाईने त्याला नजरेनेच थांबवलं. मग ती भावाकडे बघत राहिली. तो कागदाकडे बघत होता. एकदा, फक्त एकदा त्याने वर पाहिलं असतं... पण ते झालं नाही.

“झाड माझं हुतं, साहेब.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाई, नीट विचार करा, एकदा लिहिलं की तुम्हाला काही मिळणार नाही, असं त्यांनी दोनदा समजावलं. मग नाइलाजाने विचारलं, मेलेलं आहे हे तुम्हाला माहीत होतं का?

“मला ठावं नव्हतं,” ती म्हणाली, आणि थोडं थांबून म्हणाली, “काल कळलं.”

साहेबांना वाटलं ती झाडाबद्दल बोलतेय. त्यांनी तसं लिहून घेतलं. लंकाबाईने अंगठा केला, शाईचं बोट भिंतीला पुसलं, आणि सगळे उठू लागले तेव्हा भावाकडे वळून शांतपणे म्हणाली, “पाव्हणं, तुमी बसा. च्या घेऊन जावा.”

गोरखला वाटलं ती दुसऱ्या कुणाला म्हणाली. त्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

त्या दिवसापासून लंकाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. वाटेत गोरख दिसला की पदर सावरून बाजूला व्हायची, बरं हाय का म्हणायची, जसं एखाद्या लांबच्या गावच्या जावयाला म्हणतात. शिव्या दिल्या असत्या तर त्याने दोन दिवसांत गिळल्या असत्या. पण या ‘तुमी’ला चावायला कुठूनच जागा नव्हती. नबीलालची चिठ्ठी शेवटी गोरखच्या बायकोच्या, चांगुणाच्या हाती लागली. तिने नवऱ्यासमोर ताट ठेवलं, शेजारी ती चिठ्ठी ठेवली, आणि एवढंच विचारलं, की आपली पोरं मोठी झाल्यावर एकमेकांना काय म्हणतील ते तरी आधी सांगून ठेवा. गोरख ताटावरून उठला.

जी मोटार जप्तीत जाईल म्हणून हा सारा उपद्व्याप केला, ती मोटार त्याने स्वतःच विहिरीवरून उतरवली आणि नगरला नेऊन विकली. येताना गिरणीचे दगड आणले, इंजिनाचं चाक आणलं, मिस्त्री आणला. पोळ्यापर्यंत छप्पर उभं राहिलं. गावाने त्याचं कौतुक केलं. गावाला शेवट गोड झालेला आवडतो.

इंजिन धडधडलं त्या दिवशी गोरखने पहिलं पोतं स्वतः पाठीवरून आणलं. लंकाबाईने दळून दिलं, त्याला पाटावर बसवलं, जेवू घातलं, त्याच्या पोरांच्या तोंडावरून हात फिरवला. मनात काही धरलेलं नव्हतं तिने, हे त्याला दिसत होतं. तरी ती म्हणाली, “अजून एक भाकर घ्या की, पाव्हणं.”

त्याने ताट सारलं आणि तिचे पाय धरले. “आक्का, मारलं असतंस तर बरं झालं असतं. एकदा आरं म्हण मला. एकदाच.”

लंकाबाईने त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. ओठ उघडले. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येणार नाही म्हणून तो कान देऊन थांबला, पोरं घास हातात धरून बघत राहिली, चांगुणाने डोळ्यांना पदर लावला... आणि लंकाबाईच्या गालांवरून आसवं ओघळून भावाच्या कपाळावर पडू लागली.

“रोज म्हनून बघते,” ती म्हणाली. “एकटी असताना, तुमच्या मागं. जीभच वळंना. तुमी रागावू नका.”