डावीकडचे पक्षी

नव्या इस्पितळाच्या दर्शनी दालनात साठ फूट लांबीची कोरी भिंत होती. तिच्यावर टाइलच्या तुकड्यांचं आकाश आणि त्यात उडणारे पक्षी जडवायचं काम चित्रकाराला आणि त्याच्या बायकोला मिळालं होतं. तीस वर्षं दोघांची एकच रीत. तिने डावीकडून सुरुवात करायची, त्याने उजवीकडून, आणि मध्यावर गाठ पडली की काम पुरं. या भिंतीवर तिचे जेमतेम चार पक्षी झाले आणि ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, पाच दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

महिन्याभराने तो कामावर परतला. मन लागत नव्हतं, पण हात रिकामे राहिले की घर खायला उठायचं.

एका सकाळी डावीकडे पाचवा पक्षी दिसला. उद्घाटनाच्या घाईपोटी इस्पितळाच्या इंजिनियरने कुणाला तरी कामाला लावलं असेल, असं त्याला वाटलं. इंजिनियरने कानावर हात ठेवले. दालनाच्या किल्ल्या दोनच, एक त्याच्याकडे आणि एक चित्रकाराच्या खिशात. पक्षीही बेंगरूळच होता. एकाच निळ्याचे तुकडे शेजारी शेजारी दाटलेले.

"सारखा रंग शेजारी बसवला की जुळी भांडतात, असं ती म्हणायची," चित्रकार वैतागून पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सहावा पक्षी आला. त्यात एकही निळा तुकडा दुसऱ्या तशाच निळ्याला खेटून नव्हता. पाचवाही बदलला होता. सांध्यांतलं सिमेंट अजून ओलं होतं.

चित्रकार परांचीवर बसला. मग कितीतरी दिवसांनी पोटभर रडला.

तेव्हापासून तो भिंतीशी बोलायला लागला. ती सांधे केसाइतके बारीक ठेवायची, तो सांगायचा. पंखांची टोकं दगडावर घासून घ्यायची. आज सांगितलेलं उद्या भिंतीवर दिसायचं. त्याला जेवण जायला लागलं, झोप यायला लागली. शेवटी न राहवून त्याने परगावच्या मुलीला फोनवर सगळं सांगितलं. बापाचं डोकं फिरलं की काय, या धास्तीने ती आली आणि सातव्या पक्ष्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली.

"आईचाच हात आहे, बाबा," एवढंच म्हणाली.

पण एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. तीस वर्षांत बायकोने वाद घातल्याशिवाय त्याचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. भिंत मात्र गुणी बाळासारखी सगळं ऐकत होती. आणि त्याने सांगितलं नव्हतं असं काही एकदाही तिच्यावर उमटलं नव्हतं.

एके दुपारी तो खोटं बोलला.

"ती पक्ष्यांना डोळे कधीच ठेवायची नाही."

खरं तर डोळे तिचा जीव की प्राण. काळ्या काचेचा तो टिपका ती सगळ्यात शेवटी, श्वास रोखून बसवायची.

सकाळी डावीकडच्या एकाही पक्ष्याला डोळा नव्हता. तिने स्वतः जडवलेले चारही आंधळे झाले होते. खाचा सिमेंटने नीट लिंपल्या होत्या.

चित्रकाराने भिंतीसमोर तोंड मिटलं ते कायमचं. भिंत फोडून टाका, असं त्याने इंजिनियरला विनवलं. इंजिनियरने पाहुणे ठरलेत, पत्रिका वाटल्यात असं सांगून त्याला विश्रांती घ्यायला घरी पाठवलं. मुलीलाही त्याने फोनवर सगळं सांगून पाहिलं. तिने विचारलं, "तुला ती नकोशी झाली का रे?"

उद्घाटनाच्या सकाळी तो दालनात शिरला. डावीकडचं आकाश मध्यापर्यंत पुरं होऊन त्याच्या उजव्या बाजूला भिडलं होतं. उरलेलं कुणी केलं, याची चौकशी कुणालाच करायची नव्हती. लोक माना वर करून वाहवा करत होते.

त्याची नजर मुलीला शोधत होती.

ती डाव्या कोपऱ्यात होती. ओठ टाइलला टेकलेले. हलक्या आवाजात ती काहीतरी सांगत होती. आई वेणी कशी घालायची. लाडात काय हाक मारायची. अंगाई कुठल्या सुरात गुणगुणायची.

त्याने तिचा दंड धरला.

तिने वळून पाहिलं. आई गेल्यापासून इतका आनंद तिच्या चेहऱ्यावर त्याने पाहिला नव्हता.

"थांब ना, बाबा," ती कुजबुजली. "आई विचारते आहे, ती हसायची कशी?"