निवांतचे अठ्ठ्याण्णव गुण

बाजारातून परतताना मृणालच्या मोबाइलवर लेकीच्या ॲपची गोड घंटी वाजली. ‘स्वरदाचे मन प्रसन्न आहे. आजचे गुण अठ्ठ्याण्णव.’ मृणालने तो आकडा लगेच पालकांच्या गटावर टाकला. बोरगावकरांच्या मुलाला काल सत्त्याण्णवच होते.

‘निवांत’ हे ॲप सांगलीतल्या स्वरदाच्या शाळेने पाचवीच्या सगळ्या मुलांना दिलं होतं. कानामागे टिकलीएवढी चकती लावायची. काळजाचे ठोके वाढले, की चकती मेंदूकडे सौम्य विद्युतलहरी पाठवी. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला, की तो आधी ओरडतो. विचार मागून येतो. लहरी त्याला थोपटून गप्प करत. परीक्षेच्या धास्तीने उलट्या करणारी मुलं त्यामुळे पुन्हा हसूखेळू लागली होती. समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, “पातळी तीनच्या वर नेऊ नका. थोडी भीती राहू द्या.” पण जिथे गुण मिळतात, तिथे आईबाप तीनवर कसे थांबणार? शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली, तशी मृणालने पातळी दहावर नेली.

तिने कुलूप उघडलं आणि उग्र वास नाकात शिरला. गॅस!

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. कॉक चालूच होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी स्वरदा गणितं सोडवत बसली होती.

“आलीस? कधीचा वास येतोय बघ,” ती म्हणाली आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

“हात लावू नकोस!”

मृणालने तिचं मनगट पकडलं. कॉक बंद केला, रेग्युलेटर फिरवला, खिडक्या उघडल्या आणि लेकीला फरफटत खाली आणलं.

“ओरडतेस काय एवढी?” स्वरदा म्हणाली. “गॅस असताना बटण दाबलं की ठिणगी उडते. माहीत आहे मला, पुस्तकात आहे.”

“मग दाबत का होतीस?”

स्वरदाने जरा विचार केला. “उकडत होतं. आणि कॉक मी बंद करणारच होते की, एवढं गणित झाल्यावर.”

तळमजल्यावरचे तांबोळीकाका बाहेर आले. “काय झालं, वहिनी? पोरगी ठणठणीत दिसतेय, तुम्हीच पांढऱ्याफटक पडलाय!”

 मृणालने स्वरदाच्या कानामागची चकती ओरबाडून काढली आणि तिला छातीशी धरलं. आता ही रडेल, थरथरेल, या आशेने ती वाट पाहत राहिली. लेकीचं काळीज संथ चाललं होतं.

तिने समुपदेशक बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. 

“दहावर? किती दिवस?”

“महिना होत आला. पण चकती काढलीय आता. भीती परत येईल ना, बाई?”

“यायला हवी,” बाई म्हणाल्या. “दहावर कुणी ठेवलेलं आम्ही अजून पाहिलेलं नाही. भीती परत येईतोवर तिला एकटीला सोडू नका. रस्त्यावर, गच्चीवर, पाण्याजवळ, कुठेच नाही.”

मृणालने स्वरदाचा हात आणखी घट्ट धरला.

“आई, दुखतंय,” स्वरदा म्हणाली. मग मान वर करून, नवा धडा समजून घ्यावा तशी ती आईचा चेहरा निरखू लागली. “मघाशी दार उघडल्याबरोबर तू धावलीस. विचारसुद्धा केला नाहीस. ते कसं करतात, आई? मला शिकवशील?”