दोन घरच्या पुड्या

"काय चारलं वं तू आईले? सांग ना! आता तोंड काऊन शिवलं तुह्यं?"

शुभांगीचा आवाज अंगणभर घुमला, आणि नळाजवळ ओकून ओकून अर्धमेल्या झालेल्या बयनाबाईंचं काळीज त्या ओकाऱ्यांपेक्षा या शब्दांनीच जास्त पिळवटलं... थोरली सून धाकटीला, मंजुषाला, साऱ्या गल्लीदेखत अपराधी ठरवत होती!

"लेकराची शप्पत ताई, मी वावगं काईच नाई देल्लं!" मंजुषा हुंदके देत म्हणाली.

जैनथ गावातल्या त्या घरात दोन वर्षांपासून दोन चुली होत्या. थोरला भारत मास्तर झाला आणि आपली आई कापूस वेचायला जाते याची त्याला लाज वाटू लागली. धाकटा विनय, कचेरीतला क्लार्क, म्हणाला, "जाऊ दे ना, तिले करमते तिथं." यावरून भावाभावांत अशी जुंपली की बोलणंच बंद झालं. भांडण मिटावं म्हणून बयनाबाईंनी वावराची वाट सोडली आणि पंख्याखाली बसून राहिल्या. भांडण काही मिटलं नाही. त्या मात्र सकाळी थोरल्याकडे, संध्याकाळी धाकट्याकडे जेवू लागल्या.

मग हाडं दुखू लागली. भारतनं रक्त तपासून आणलं, तर 'ड' जीवनसत्त्व कमी! "ते उन्हातून भेटते, माय," असं त्यानं सांगताच बयनाबाई चकित झाल्या. साठ वर्षं जिनं पाठीवर ऊन झेललं, तिच्याच अंगात उन्हाचा तुटवडा? आणि ते ऊन म्हणे आता पुडीत मिळतं! आठवड्याला एक, दुधातून, आठ आठवडे, मग बंद. पुडी उजेडाकडे धरून त्या कितीदा तरी निरखून पाहत, पण आत कुठंच काही चमकत नसे.

तिकडे विनयनंही, भावाला न विचारता, दुसऱ्या डॉक्टरकडून तीच पुडी आणली. पहिल्या संध्याकाळी मंजुषा किती मायेनं दुधाचा पेला घेऊन समोर उभी राहिली होती! 'सकाळीच शुभांगीनं देल्ली' हे वाक्य बयनाबाईंच्या ओठांवर आलं... पण त्या घराचं नाव काढलं की या घरात वणवा पेटायचा. एका पेल्यानं काय होतंय, म्हणत त्यांनी तो रिकामा केला. मग दोघींचंही मन राखायला "लई बरं वाटून राह्यलं" असं दोघींनाही सांगू लागल्या. झालं! आठ आठवडे सरले तरी कुणी थांबेना. उलट शुभांगी एक दिवसाआड पुडी देऊ लागली, मंजुषाही तसंच, वर कॅल्शियमच्या गोळ्या. शक्तीचंच तर औषध, जास्त झालं म्हणून काय बिघडतं!

बिघडलं ते असं. तहान भागेना, पोट साफ होईना, बोलता बोलता भान हरपू लागलं, आणि शेवटी ही वांती.

आदिलाबादच्या दवाखान्यात सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी ग्लानीतून जाग आली तेव्हा खाटेजवळ विनय दबक्या आवाजात बायकोला म्हणत होता, "मायले बरं वाटू दे, मग तुले माहेरी सोडून देतो."

मंजुषा खाली मान घालून उभी होती. 

तेवढ्यात मुधोळकडच्या डॉक्टर प्रणिता कागद घेऊन आल्या. "रक्तात कॅल्शियम फार वाढलंय, किडनीवर ताण आलाय. 'ड' जीवनसत्त्व कोण देत होतं?"

"तिचा काई दोष नाई!" बयनाबाई सारं बळ एकवटून उठून बसल्या. "म्या दोनी घरच्या पुड्या पेल्ल्या, बाई. दोघींच्या बी! एकीचं पेल्लं आन् दुसरीले नाई म्हणलं, तं पुन्हा भांडण लागलं असतं..."

भारत आणि शुभांगी दाराशीच उभे होते. शुभांगीचा चेहरा उतरला.

"पन बाई," बयनाबाईंना राहवेना, "उन्हात तं मी दिवसभर राहो, तवा काऊन नाई जास्त झालं?"

डॉक्टर हसल्या. "उन्हातून शरीर गरजेपुरतंच बनवतं, आजी. पुडीतलं मात्र सगळं अंगात साठत जातं."

भारत खाटेच्या पायथ्याशी कोसळला. "माय... मास्तर असून म्याच तुले उन्हातून उठोलं वं!"

"तुमी दोघं भांडू नये म्हून बसली रे घरात," त्या एवढंच म्हणाल्या, आणि विनयनंही डोळे पुसत भावाच्या खांद्यावर हात ठेवला. शुभांगीनं मंजुषाला घट्ट कवटाळलं. "चुकली वं मी... साऱ्या गल्लीत तुले बोलली!"

डॉक्टरांनी बजावलं, "पुड्या बंद, गोळ्या बंद. भरपूर पाणी द्या. आणि एकमेकींना विचारल्याशिवाय काहीही द्यायचं नाही."

घरी आल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी मंजुषानं विचारलं, "आई, ताईकडे किती पेले पाणी झालं?"

तीन. बयनाबाईंना पक्कं आठवत होतं.

"मले कुठं ध्यानात राह्यते आता," त्या भोळेपणानं म्हणाल्या. "जाऊन तिलेच इचार ना."

मंजुषा शेजारच्या दारात गेली. आतून "ये ना वं, बस जराशी" असं ऐकू आलं, मग कपबशा वाजल्या. बराच वेळ ती परतली नाही, आणि बयनाबाईंनी चौथा पेला आपल्याच हातानं भरून घेतला.