बिनमुद्रेची बंदिश

आठवणीतले सूर ऐकवणाऱ्या स्मृतिनाद यंत्राची टोपी डोक्यावरून उतरवली तेव्हा अच्युतराव नेवाळकरांचा चेहरा फुलला होता. प्रयोगशाळेत नुकतीच वाजलेली चाल त्यांच्याच मेंदूतून निघाली होती, आणि ती त्यांच्या भटियार रागातल्या गाजलेल्या बंदिशीशी तंतोतंत जुळत होती.

बंदिशीच्या अंतऱ्यात रचनाकार आपलं टोपणनाव गुंफतो, ती त्याची मुद्रा. अच्युतरावांच्या दोनशे अकरा बंदिशींत ती होती. फक्त या एकीत तिच्या जागी ते शब्दांऐवजी नुसता 'आ'कार लावत. पंचावन्न वर्षांपूर्वी मिरजेत गुरुजींच्या ओसरीवर त्यांची गुरुभगिनी इंदू एका सकाळी स्वतःचीच एक चाल गुणगुणली होती; यंत्राने आता वाजवली ती हीच आठवण. पुढे लग्नानंतर तिचं गाणं सुटलं आणि ती गेलीही लवकर. त्या चालीवर आपण नाव कमावलं, हे अच्युतरावांना आयुष्यभर खात होतं. आता समग्र बंदिशींचा ग्रंथ छापायला चालला होता, आणि मुद्रेच्या त्या मोकळ्या जागी पुराव्यानिशी इंदूचं नाव घालायचं होतं.

यंत्र चालवणाऱ्या डॉ. रेणुका हळबेंनी मात्र मान हलवली.

"हा पुरावा नाही, अच्युतराव. आठवण काढली की मेंदू ती पुन्हा नव्याने लिहितो, आणि दर वेळी थोडी बदलतो. तुम्ही ती किती वेळा आठवलीत?"

"रोज," ते म्हणाले.

"मग एकदाच ऐकून विसरलेला माणूस हवा."

असा माणूस एकच होता. त्या सकाळी ओसरीवर तंबोऱ्याचा नाद खुलावा म्हणून तारांखाली दोरा सरकवत जवारी लावत बसलेले वाद्यकारागीर दस्तगीरचाचा. ऐंशीचे झाले होते, तरी बोलावल्यावर आले, पण आधीच हात वर केले.

"पंडितजी, मी गाणं कुठं ऐकत होतो? सगळा कान जवारीत. पुन्हा कधी याद बी आली न्हाई."

डॉक्टरांना तेच हवं होतं. चाचांच्या डोक्यावर टोपी चढवून त्यांनी आठवण जागी करायला तंबोरा छेडला, आणि थोड्या वेळाने यंत्रातून चाल उमटली. साधी, गोड. रागसुद्धा वेगळा, ललत. भटियारच्या बंदिशीतली एकही जागा तिच्यात नव्हती.

अच्युतरावांनी ती तीनदा ऐकली. कुठेच ओळख पटेना. चोरी झालीच नव्हती, तरी त्यांना सुटल्यासारखं वाटलं नाही. इंदूने जे कधी गायलंच नव्हतं ते तिचं म्हणून त्यांनी जपलं होतं, आणि तिचं खरं गाणं रोज थोडंथोडं पुसलं होतं.

ललतची चाल इंदूच्या नावाने ग्रंथात घ्यायची ठरली. भटियारच्या अंतऱ्यातल्या मोकळ्या जागेत त्यांनी आपली मुद्रा लिहिली आणि चाचांकडे पाहिलं.

"चाचा, इंदू हसली की डाव्या गालावर खळी पडायची ना?"

"मी वर बघितलंच न्हाई, पंडितजी."

खळीही त्यांना रोजच आठवत असे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते रडू लागले.