अडीच वाजताचं पाणी

रेडिएटर गळतोय हे कुणीही सांगेल. तो नेमका कुठून गळतोय हे सांगणं मात्र ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. त्या भागात या कामात मिस्त्रींचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. आधी गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरायचा, थेंब कुठे पडतो ते पाहायचं आणि मग त्याचा माग काढत वर जायचं. होज पाइप, क्लिपा, पाण्याचा पंप आणि शेवटी रेडिएटर. पाणी वाळून जिथे तांबूस ओघळ उमटलेला असेल तिथे बोट ठेवून मिस्त्री म्हणायचे, "इथे." गाडीवाला तोंडात बोट घालायचा, आणि मिस्त्रींना ते आवडायचं. खोटं कशाला बोला.

म्हणून मास्तरांची जुनी निळी गाडी दोरीने ओढत गॅरेजच्या दारात आणली गेली आणि मिस्त्रींनी पुठ्ठ्याला हातही लावला नाही, तेव्हा शेजारच्या वेल्डरला ते खटकलं.

"काय मिस्त्री, आज न तपासताच रोग कळला वाटतं?"

मिस्त्री नुसतेच हसले. रोग त्यांना तीन महिन्यांपासून ठाऊक होता.

गाडीबरोबर मास्तरांच्या पत्नी आल्या होत्या; सगळे त्यांना बाईच म्हणत. लहानखुऱ्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभ्या. "मुलगी म्हणते विकून टाक," त्या म्हणाल्या. "म्हटलं, विकायची तरी धड करून विकू. आणि करायची तर तुमच्याकडेच. ह्यांचा तुमच्या हातावर फार विश्वास होता."

मिस्त्रींनी हातातल्या फडक्याने हात पुसायला सुरुवात केली. हात स्वच्छच होते.

"गाडीचा काही दोष नव्हता हो," बाई पुढे म्हणाल्या. "तुम्ही त्याच सकाळी ती नीट करून दिली होतीत. उन्हाने तापली असेल. चूक झाली ती माझी. रोज पाण्याची बाटली मी भरून देते, त्या दिवशी ओट्यावरच राहिली. बाटली असती तर दोन घोट पिऊन हे सावलीला बसले असते. पाणी शोधत तसल्या उन्हात पायी कशाला गेले असते?"

बाई हेच मुलीला, शेजाऱ्यांना, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगत असणार. बोलण्यात एकही शब्द अडखळत नव्हता.

"माझ्याच हाताने झालं," बाई म्हणाल्या.

इथे मिस्त्रींनी तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. ते म्हणाले, "चार-पाच दिवस लागतील बाई. ठेवून जा."

त्या सकाळी काय झालं होतं ते मिस्त्रींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या सांध्याला केसाएवढी चीर होती. ती त्यांना लगेच सापडली. रीत अशी की रेडिएटर खाली उतरवायचा, सांधा घासून पांढरा करायचा, कथलाचा डाख लावायचा आणि हौदात बुडवून हवा भरून बघायचं. बुडबुडा आला नाही तरच गाडीला परत चढवायचा. दोन-अडीच तासांचं काम. पण मिस्त्रींना कंटाळा आला होता. दुसरं काही कारण नव्हतं; असतं तर त्यांनी तीन महिन्यांत ते शोधून काढलं असतं. रेडिएटर गाडीवरच ठेवून, पत्रा गरम असताना, त्यांनी त्या चिरेवर बोटभर पुट्टी लिंपली आणि मास्तरांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "बिनघोर जा. पाच वर्षं बॉनेट उघडायला नको."

मास्तर रस्त्याकडेला सापडले. गाडीपासून चांगले वीस मिनिटांच्या अंतरावर. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ लिहिली ती दुपारी अडीचची.

बाई गेल्यावर मिस्त्रींनी बॉनेट उचललं. पुट्टीचा ढलपा एका बाजूने सुटून लोंबत होता. वेल्डर यायच्या आत त्यांनी तो नखाने उचकटला आणि खिशात टाकला. दिवसभर तो मांडीला टोचत राहिला, आणि त्यांनी तो टोचू दिला.

मग त्यांनी काम केलं. असं काम त्यांनी वीस वर्षांत केलं नव्हतं. नळ्या साफ केल्या, जाळीतले मेलेले किडे काड्यांनी एकेक करून काढले, सांधा आरशासारखा घासला आणि डाख असा ओतला की वेल्डर म्हणाला, "अरे, दागिना घडवतोस की काय?" हौदात रेडिएटर अर्धा तास बुडवून ठेवला. एक बुडबुडा आला नाही. रेडिएटर चढवला, काठोकाठ पाणी भरलं, तासभर इंजिन चालवलं. सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडलं तर पाणी चार बोटं खाली गेलेलं.

मिस्त्रींनी पुठ्ठा पसरला. पुठ्ठा कोरडा राहिला. त्यांनी होज पिळून पाहिले, पंपाखाली बोट फिरवलं, ऑइलची पट्टी ओढली. ऑइल स्वच्छ, म्हणजे पाणी इंजिनात उतरत नव्हतं. पायाखालची मॅट उचलली, कोरडी ठणठणीत. पाणी मापाने भरलं. बरोबर एक ग्लास लागलं. ना कमी ना जास्त, आणि गाडी तर जागची हललेलीही नव्हती.

"घोडं कुठे पेंड खातंय?" वेल्डरने विचारलं.

"कळत नाही."

"तुला कळत नाही?" वेल्डर हसायला लागला. मग मिस्त्रींचा चेहरा बघून आपल्या कामाकडे वळला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री तासातासाला झाकण काढून बघत राहिले. दहाला काठोकाठ. बाराला काठोकाठ. दोनला काठोकाठ. तीनला एक ग्लास कमी. चौथ्या दिवशी वेल्डर जेवायला गेल्यावर ते दोन वाजताच झाकण काढून स्टूल टाकून बसले. रस्ता सुनसान होता. पत्र्याचं छत उन्हाने मधूनच टणकन वाजत होतं. रेडिएटरच्या तोंडातल्या पाण्यात छताची चौकट दिसत होती, आणि तिच्यात त्यांचं स्वतःचं कपाळ.

अडीच वाजले आणि पाणी हललं.

एका दमात गेलं नाही. थोडं खाली उतरलं आणि थांबलं. मग पुन्हा थोडं उतरलं. मग जरा जास्त वेळ थांबलं, आणि पुन्हा. मिस्त्रींनी आयुष्यभर गळती पाहिली होती. गळणारं पाणी सारखं गळत राहतं. ते असं थांबत नाही. थांबतो तो माणूस, श्वास घ्यायला.

चार बोटं खाली जाऊन पाणी स्थिर झालं. मिस्त्रींनी झाकण लावलं आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच एका गाडीखाली आडवे पडून राहिले.

पाचव्या दिवशी त्यांनी जे केलं त्याची त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. मन मानायला तयार नव्हतं. गळती असेल तर डाग दिसेल, असं स्वतःला समजावत त्यांनी सगळं पाणी काढून टाकलं आणि इंजिन गार ठेवायचं हिरवं कूलंट भरलं. त्याला एक गोडसर वास असतो. डब्यावर कवटीचं चित्र असतं.

अडीच वाजता हिरवं पाणी हललं. एकदा खाली उतरलं. थांबलं.

मग खालून उसळून वर आलं. तोंडातून बाहेर फेकलं गेलं, ते थेट मिस्त्रींच्या छातीवर. पुन्हा उसळलं, पुन्हा. इंजिन सकाळपासून बंद होतं, पत्रा गार होता, आणि शर्टावर पडलेलं पाणी अंगासारखं गरम होतं.

"नाही, नाही," मिस्त्री म्हणत होते, "माझं चुकलं, माझं चुकलं." तहानलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विष पाजलं होतं, तेही आपली खात्री करून घ्यायला. त्यांनी सगळं काढलं, पाइप लावून रेडिएटर सात वेळा धुतला, आणि प्यायच्या माठातलं पाणी आणून भरलं. झाकण लावलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

त्याच संध्याकाळी बाई चौकशीला आल्या. मिस्त्रींनी त्यांना स्टूल दिलं, स्वतः उभे राहिले.

"तुम्हाला सांगू का," बाई म्हणाल्या, "हसाल. मी रोज दुपारी ह्यांच्या खुर्चीशेजारी पाण्याचा ग्लास भरून ठेवते. ते गेल्यापासून. कळतं हो मला, वेडेपणा आहे. पण संध्याकाळी तो तसाच भरलेला असतो आणि मला वाटतं, रागावलेत. माझ्या हातचं पाणी त्यांना नको आहे."

त्यांनी विचारलं काहीच नव्हतं. पण उत्तर जगात एकाच माणसाकडे होतं, आणि तो माणूस फडक्याने स्वच्छ हात पुसत उभा होता. मास्तर पाणी पितात, रोज पितात, फक्त तुमच्या घरी येत नाहीत, एवढं सांगायचं तर कुणाच्या दारी जातात आणि का, हेही सांगावं लागणार होतं.

"उद्या गाडी घरी आणून देतो," ते म्हणाले. बाई गेल्या. त्यांच्या पाठीकडे बघताना मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला त्यांनी गाडी बाईंच्या दारात उभी केली. बाईंनी आत बोलावलं. खोलीत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला पुस्तकांचं कपाट. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीशेजारी तिपाई होती आणि तिच्यावर भरलेला ग्लास. मिस्त्री बसले नाहीत.

"बाई, बाटलीमुळे काही झालं नाही," ते म्हणाले. एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. "चीर मला दिसली होती. डाख लावायला हवा होता. मला कंटाळा आला. मी पुट्टी लिंपली आणि बिनघोर जा म्हणालो. ती सुटली म्हणून गाडी तापली. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही स्वतःला दोष देत होतात आणि मी तो देऊ दिला."

बाईंनी वेताच्या खुर्चीची पाठ धरली.

"तीन महिने," त्या म्हणाल्या.

"हो."

"तीन महिने मी रात्री उठून ओटा बघत होते."

मिस्त्रींना मान वर करता आली नाही. फरशीकडे बघतच त्यांनी बाकीचंही सांगितलं. अडीच वाजता रेडिएटरमधलं पाणी कमी होतं तेही, कूलंटचंही. वेडा म्हणून हाकलतील, असं त्यांना वाटलं. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

बाईंनी हळूच विचारलं, "कसे पितात?"

"थांबून थांबून. मध्ये श्वास घेत."

"तसेच प्यायचे," बाई म्हणाल्या.

भिंतीवरचं घड्याळ अडीचवर आलं.

ग्लासातलं पाणी हललं.

थोडं उतरलं. थांबलं.

पुन्हा उतरलं.

बाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज आला नाही. वेताची खुर्ची एकदा करकरली.

ग्लास अर्धा झाला आणि पाणी थांबलं. ते पुढे उतरलंच नाही. घड्याळाचा काटा तीनकडे सरकला तरी ते अर्धंच राहिलं.

बाईंनी डोळे पुसले. मग ग्लास उचलून मिस्त्रींपुढे धरला.

"एवढं तुमचं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. "बरोबर कुणी असलं की ते अर्धं ठेवायचे."

"त्या दिवशी बरोबर कुणी नव्हतं," मिस्त्री म्हणाले.

"नव्हतं. आज आहे."

मिस्त्रींनी ग्लास घेतला. पाणी गार होतं. काठ मात्र एका बाजूने ओला होता, आणि ओठांना लागला तेव्हा कोमट होता.