तट्टूच्या पायांना ऐकू आलेलं बोलणं

तट्टू भर वाटेत थांबलं आणि काही केल्या पुढे जाईना.

"चल ना रे बाबा," जोएलनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "चहा राहिला लांब, इथेच बसकण मारतोस काय?"

तट्टू म्हणजे खरंखुरं घोडं नव्हे. ते चार पायांचं, माणसाच्या कमरेएवढं उंच, सामान वाहणारं यंत्र होतं. वरदाच्या आत्यानं, म्हणजे डॉ. उल्का गवस यांनी, ते आपल्या प्रयोगशाळेत बनवलं होतं. उल्काआत्या भूकंपशास्त्रज्ञ होती. डोंगरात जिथे गाडी जात नाही आणि वाऱ्यापुढे ड्रोनचंही काही चालत नाही, अशा वाड्यांवर औषधं आणि धान्य पोचवायचं काम पुढेमागे तट्टूंनी करावं, असा तिचा बेत होता. नाताळच्या सुट्टीत त्याची पहिली लांब पल्ल्याची चाचणी तिलारीच्या रानात घ्यायची ठरली, तेव्हा वरदानं हट्टच धरला. "मी येणार. आणि जोएल आणि शमाही येणार." तिघं सातवीत एका बाकावर बसत. एकाला वगळून दुसऱ्याला नेणं शक्यच नव्हतं.

सकाळपासून मजेत चाललं होतं. एका शेकरूनं झाडाच्या शेंड्यावरून जोएलच्या डोक्यावर फळाच्या साली टाकल्या होत्या. धनेशाची जोडी डोक्यावरून गेली तेव्हा तिच्या पंखांचा आवाज एवढा मोठा आला, की शमा चटकन खालीच बसली होती. आता उन्हं कलली होती. टेकडीपलीकडे मुक्कामाची झोपडी होती. आणि तट्टू अडलं होतं.

"तट्टू, का थांबलास?" वरदानं विचारलं.

चौघांच्याही कानांत छोटी बटणं होती. त्यांतून तट्टूचा शांत आवाज आला. "पायाखालची जमीन थरथरते आहे. दरड कोसळू शकते. मी पुढे चालणार नाही."

शमानं भुवया उंचावल्या. वरदानं पायाखाली पाहिलं. जमीन जागच्या जागी होती. वाळलेलं पानसुद्धा हलत नव्हतं.

"बिघडला," जोएल म्हणाला.

"थांब, इतक्यात नाव ठेवू नकोस," आत्या म्हणाली. "त्याच्या चारही पायांच्या तळव्यांत कंपनसंवेदक (जमिनीची बारीकशी थरथरही टिपणारं यंत्र) बसवलेत. भूकंप मोजायला मी वापरते तसेच. आपल्याला जाणवत नाही ते त्याला जाणवतं. जमीन थरथरली की चालायचं नाही, हा नियम मीच त्याला घालून दिलाय."

तिनं आजूबाजूला नीट पाहिलं. वर काळाकभिन्न कातळ होता, सैल माती नव्हती. पाऊस जाऊन महिने झाले होते. "पण इथे दरड येईल असं काही दिसत नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. "मग थरथरतंय काय?"

तिनं मनगटावरची पाटी उघडली. पडद्यावर चार रेघा सरकत होत्या, प्रत्येक पायाची एक. मध्येच चारही रेघांवर लाटा उठत, काही क्षण टिकत आणि विरून जात.

वरदा पाटीकडे टक लावून बघत राहिली. एक गोष्ट तिला खटकली. लाटा उठत, मग रेघा सपाट होत, मग पुन्हा लाटा उठत. पण दुसऱ्या खेपेच्या लाटा बारीक होत्या. आणि आणखी काहीतरी वेगळं होतं.

"आत्या, मोठी लाट आधी डाव्या पायांच्या रेघांवर येते, मग उजव्या. बारीक लाट आधी उजव्या पायांवर येते. असं का?"

"कारण डावीकडून येणारी थरथर आधी डाव्या पायांना लागणार. अगदी निमिषभर आधी, पण लागणार. भूकंप कुठे झाला, तेही आम्ही असंच शोधतो. कुठल्या केंद्राला धक्का आधी पोचला ते बघून."

"म्हणजे एक डावीकडून येतंय आणि एक उजवीकडून," वरदा सावकाश म्हणाली. "आणि दोन्ही कधी एकदम येत नाहीत. एक झालं की दुसरं. आत्या, दरड कधी थांबून उत्तराची वाट बघते का?"

मग शमा अगदी हळू आवाजात म्हणाली, "कुणीतरी बोलतंय."

जोएलचं लक्ष तेवढ्यात वाटेच्या कडेला गेलं होतं. मऊ मातीत एक गोल ठसा उमटला होता, जेवणाच्या ताटाएवढा. त्याच्याशेजारी तसाच पण लहान, वाटीपेक्षा जरासा मोठा.

आत्यानं ठसे पाहिले आणि आवाज एकदम खाली आणला. "हत्ती. सकाळी वनरक्षक म्हणाले होते की कळप नदीपलीकडे आहे. नदी ओलांडून आलेला दिसतोय. डावीकडे ओढ्याशी मोठे हत्ती, उजवीकडे उतारावर पिल्लू. आणि आपण बरोबर मध्ये."

वरदानं पुन्हा त्या लहान ठशाकडे पाहिलं. पिल्लाच्या आणि आईच्या मध्ये कधी उभं राहू नये, हे तिला शाळेत शिकवलेलं होतं. शिकताना ते फार सोपं वाटलं होतं.

"पळूया!" जोएल म्हणाला.

"पळायचं नाही. आवाज न करता मागे फिरायचं आणि वरच्या कातळावर जायचं. वारा ओढ्याकडून आपल्याकडे येतोय, म्हणजे आपला वास मोठ्या हत्तींकडे जाणार नाही. तट्टू, मागे चल."

"जमीन थरथरते आहे. मी चालणार नाही," तट्टू म्हणालं.

तो नियम बदलायचा तर प्रयोगशाळेतच, आणि उचलून न्यावं तर ते सामानासकट चौघांनाही हलण्यासारखं नव्हतं. त्याला तिथेच ठेवून सगळे एकामागोमाग एक वर चढले आणि कातळावरच्या करवंदीच्या जाळीमागे बसले. खालची वाट आणि तिच्यावर एकटं उभं असलेलं तट्टू तिथून स्पष्ट दिसत होतं.

"पण मग आपल्याला ऐकू का येत नाही?" वरदा कुजबुजली. "एवढा मोठा प्राणी, एवढ्या जवळ."

आत्याची नजर खालच्या वाटेवर होती. ती तशीच कुजबुजत म्हणाली, "जोएल, तू गिटार वाजवतोस ना? सगळ्यात जाड तार छेडली की काय होतं?"

"सगळ्यात खालचा सूर निघतो. आणि तार हलताना दिसते. बारीक तार इतकी भरभर हलते की दिसतच नाही."

"बरोबर. सावकाश हलणाऱ्या तारेचा सूर खालचा. एका सेकंदात किती वेळा हलली, त्याला म्हणायचं वारंवारता (एका सेकंदातल्या कंपनांची संख्या). आता कल्पना कर, तार आणखी जाड आहे, आणखी सावकाश हलते आहे. सूर खाली खाली जातो. सेकंदाला साधारण वीस कंपनांच्या खाली गेला, की आपला कान हात टेकतो. आवाज असतो, पण आपल्यासाठी नसतो. त्याला अवश्राव्य ध्वनी (माणसाला ऐकू येत नाही इतका खालच्या सुरातला आवाज) म्हणतात. हत्तींच्या घुमण्याचा बराचसा भाग तिथे असतो."

"एवढ्या खालच्या आवाजात कशाला बोलायचं?" शमानं विचारलं.

"गणपतीची मिरवणूक लांबून येत असते तेव्हा आधी काय ऐकू येतं? ढोल की झांजा?"

"ढोल," तिघंही एकदम कुजबुजली.

"झांजेचा आवाज वाटेतल्या घरांनी, झाडांनी अडतो, विरतो. ढोलाचा नाही. आवाज म्हणजे हवेतली लाटच. खालच्या आवाजाची तरंगलांबी (लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर) मोठी असते. हत्तीच्या आवाजाची एकेक लाट तुमच्या शाळेच्या दोन वर्गांएवढी लांब असू शकते. तिच्यापुढे झाडाचा बुंधा म्हणजे काय? तळ्यात रोवलेली काठी. लाट काठीला वळसा घालून पुढे जाते. म्हणून दाट रानात, एकमेकांना न दिसताही, हत्ती कितीतरी लांबून बोलू शकतात. आणि तो आवाज नुसता हवेतून नाही, जमिनीतूनही जातो. तो त्यांना पायांतून कळतो."

"तट्टूसारखा," वरदा म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली. "मला वाटलं होतं, पायांनी ऐकायची युक्ती माझीच."

तेवढ्यात खालची कारवी हलली आणि पिल्लू वाटेवर आलं.

ते छातीएवढं उंच होतं. पाठीवर विरळ केस, सोंडेवर लाल माती. दोन पावलं टाकून ते थबकलं. समोर तट्टू उभं होतं. असलं चार पायांचं जनावर त्यानं कधी पाहिलं नसणार. त्यानं कान पसरले, सोंड उंचावली आणि ते एक पाऊल मागे सरकलं. आईकडे जायची वाट तट्टूच्या अंगावरून जात होती.

आत्यानं पाटीवर काहीतरी केलं. "आता ऐका. तट्टूनं टिपलेली थरथर मी वेग वाढवून वाजवते. कंपनं भरभर झाली की सूर वर चढेल आणि आपल्या कानाच्या टप्प्यात येईल."

वरदाच्या कानात आधी नुसती खरखर झाली. मग एक आवाज आला. खोल, घुमणारा, लांबलचक. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान न्यावा तसा. तो थांबला, आणि उजवीकडून एक छोटा, जरासा कापरा आवाज त्याला उत्तर देऊन गेला.

शमाचे डोळे भरून आले. "आई हाक मारतेय."

पुन्हा मोठा आवाज आला. मग आणखी एकदा, लगेच. आता मधल्या शांततेची जागा कमी कमी होत चालली होती. ओढ्याकडून एक जाड फांदी मोडल्याचा आवाज आला. हा सगळ्यांनाच ऐकू आला.

"ती वर येतेय," आत्या पुटपुटली. "पिल्लू घाबरलंय हे तिला कळलंय."

जोएल वरदाच्या कानाशी आला. "अगो, तट्टूला सांग ना आईचा आवाज काढायला! पिल्लू बरोबर धावत जाईल."

क्षणभर वरदाला ते पटलं. मग तिनं मान हलवली. "आपल्याला त्यांच्या बोलण्यातला एक शब्द तरी येतो का? आपण 'ये' म्हणायला जायचो आणि ते निघायचं 'पळ'. नको."

"आणि एवढा खालचा सूर काढायला तट्टूचा भोंगा पुरणारही नाही," आत्या म्हणाली.

मग करायचं काय? तट्टू वाटेतून बाजूला झालं असतं तर प्रश्नच नव्हता. पण ते चालणार नव्हतं. चालणार नव्हतं. वरदानं तो शब्द मनात दोनदा घोळवला. मग ती कानातल्या बटणात अगदी हळू म्हणाली, "तट्टू, थरथरत्या जमिनीवर चालायचं नाही. पण बसायला चालेल का?"

"बसण्यास हरकत नाही," तट्टू म्हणालं.

"मग बस. अगदी सावकाश. दिवे बंद कर, पंखाही बंद कर. फक्त पाय ऐकते ठेव."

तट्टूच्या कपाळावरचा हिरवा दिवा मालवला. त्याचे पाय इतके हळूहळू दुमडले, की पिल्लू दचकलं नाही, नुसतं बघत राहिलं. थोड्या वेळानं वाटेवर उरला तो एक करड्या रंगाचा, ठेंगणा, धोंड्यासारखा ढीग. त्याला वळसा घालून जाण्याइतकी जागा आता दोन्ही बाजूंना झाली होती.

कानात पुन्हा आईची हाक घुमली. त्याच क्षणी पिल्लानं जे केलं, ते वरदा जन्मभर विसरणार नव्हती. त्यानं हलणारे कान थांबवले. सोंड जमिनीला टेकवली. पुढचा एक पाय अलगद उचलला, उरलेल्या पायांवर भार देऊन किंचित पुढे झुकलं आणि निश्चल उभं राहिलं.

ते ऐकत होतं.

मग त्यानं पाय खाली ठेवला, तट्टूच्या बाजूनं जाता जाता त्याच्या पाठीवरच्या पिशव्या हुंगून घेतल्या आणि दुडक्या चालीनं ओढ्याच्या दिशेनं उतरलं. झाडांच्या फटीतून एक मोठी करडी पाठ दिसली, एक सोंड पुढे आली आणि पिल्लाच्या डोक्यावरून, पाठीवरून फिरत राहिली. मागे आणखी दोन पाठी होत्या. थोड्या वेळानं त्या सगळ्या रानात मिसळून गेल्या. एवढे मोठे प्राणी गेले, पण पाचोळ्याचाही फारसा आवाज झाला नाही.

मग कानात तट्टूचा आवाज आला. "जमीन आता स्थिर आहे. मी चालू शकतो."

जोएल खाली उतरून त्याच्या पाठीवरची धूळ झटकू लागला. "बिघडला म्हटलं ते परत घेतो," तो म्हणाला.

टेकडी चढताना उल्काआत्या पुन्हापुन्हा पाटीवरच्या रेघा बघत होती. काहीतरी नवं सुचलं की तिचं असंच होतं, हे वरदाला ठाऊक होतं. माथ्यावर पोचल्यावर ती थांबली. खाली दरीत गावांचे दिवे लागू लागले होते. केळीच्या आणि माडाच्या बागांचे गडद चौकोन दिसत होते.

"हत्ती बागेत शिरतात, माणसं ओरडतात, फटाके लावतात, दोन्हीकडे जीव घाबरे होतात," ती म्हणाली. "कारण अगदी समोर येईपर्यंत एकाला दुसऱ्याचा पत्ताच नसतो. पण रानाच्या कडेनं तट्टूचे नुसते पाय पुरून ठेवले तर? कळप लांब असतानाच गावाला कळेल. त्या रात्री कुणी त्या वाटेनं जायचं नाही."

"आणि सगळं बोलणं साठवून ठेवायचं," वरदा म्हणाली. "कुठल्या आवाजानंतर ते काय करतात, ते बघत जायचं. वर्षानुवर्षं. मग कधीतरी अर्थही लागेल."

"फार काम आहे ते. एका माणसाच्या आवाक्यातलं नाही."

"आम्ही तिघं आहोत," शमा म्हणाली.

आत्या हसली आणि तट्टूला घेऊन झोपडीकडे निघाली. वरदा मात्र मागे रेंगाळली. तिनं बूट काढले, मोजे काढले आणि गार मातीवर दोन्ही पाय घट्ट रोवून डोळे मिटून उभी राहिली.

"काय गो, येतंय काही ऐकू?" जोएलनं लांबून विचारलं.

"अजून नाही," वरदा म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.