न दिलेली सलामी

पाणंदीच्या वळणावर सायकल समोर आली आणि कुमुदने हातातला दगड उगारला.

"बाई, मी मानसिंग... तालमीतला."

"माहीत आहे. म्हणूनच उगारला."

एवढा थोरला पैलवान, पण त्याचे कान लाल झाले.

दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस सळसळत होता. चार दिवसांपूर्वी इथंच लालासाहेबाने शाळेतल्या बनूला हात धरून उसात ओढलं होतं. ती चावा घेऊन सुटली. तेव्हापासून मळ्यातल्या सहाही मुलींची शाळा बंद होती. नाव गावाला ठाऊक होतं. उच्चारत कुणी नव्हतं. साताऱ्याहून इस्लामपूरजवळच्या या गावात शिकवायला आलेली कुमुद त्या सहा घरांतून आज पुन्हा हात हलवत परतली होती.

सकाळ-संध्याकाळ पोरींच्या मागं चालीन, असं मानसिंग म्हणाला. त्याचे डोळे निवळ होते. ते आपल्याला आवडले, याचाच कुमुदला राग आला.

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"मग त्याला असा हाणतो—"

"हाणा. हाड महिन्यात जुळेल, तो पुन्हा इथंच उभा राहील. तो तुमच्याच तालमीत कुस्ती खेळतो ना? बनूचा विषय निघाला तेव्हा तिथं कोण कोण हसलं?"

मानसिंगने सायकलचं हँडल चोळलं.

"मी हसलो न्हाई, बाई... पर गप बसलो."

खोटं बोलला असता तर ती निघून गेली असती. ती थांबली.

मग तो तालमीत एकेकाजवळ बनूचा विषय काढू लागला आणि रोज पाणंदीत कुमुदला भेटू लागला. कुणी पोरीचीच चूक काढली, कुणी तोंड फिरवलं, वस्ताद आकारामांनी आधी दटावलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या नातीचं वय मोजलं... सगळं सांगायचा. एकदा हरभऱ्याचा डहाळा पुढं करत म्हणाला, "कुस्ती सोपी हो. ह्ये बोलणं लय अवघड."

"माझ्या वर्गात या शिकायला. सहा जागा रिकाम्या आहेत."

"यीन की. पर बाकात मावंन का?"

कुमुद कितीतरी दिवसांनी हसली.

जत्रेतली शेवटची जोड मानसिंग आणि लालासाहेबाची होती. कुमुद बनूला घेऊन मैदानालगतच्या शाळेच्या ओट्यावर उभी राहिली. हलगी कडाडली. लालासाहेबाने सलामीला हात पुढं केला. मानसिंगने आपले हात मागे बांधले.

"ज्या हातानं पोरीला उसात वढली, त्या हाताला मी हात लावणार न्हाई."

हलगी थांबली. नकार म्हणजे हार, असं पंचांनी बजावलं.

"लिवा हार."

लालासाहेब हसला आणि दुसरा गडी मागू लागला. तेव्हा आकाराम उठले, आपल्या चाळीस पठ्ठ्यांकडे वळले आणि विचारलं, "कुणाला धरायचाय ह्याचा हात?"

एकाने सदरा चढवला. मग दुसऱ्याने. मग बघता बघता सगळ्यांनी. बनूचा बाप उभा राहिला, त्याच्यामागं अख्खं मैदान. आकाराम स्वतः बनूच्या बापाला घेऊन फौजदाराकडे तक्रार द्यायला निघाले. ओट्यावर बनूने कुमुदचा हात घट्ट धरला होता. तो सोडून तिने टाळी वाजवली.

सोमवारी सहाही मुली एकमेकींना ढकलत, खिदळत पाणंदीतून आल्या. शाळा सुटल्यावर फाटकाशी मानसिंग उभा होता.

"बिनखेळता हारलो, बाई. आता हारल्याल्या पैलवानाला पोरगी कोण दील?"

"साताऱ्याला येऊन माझ्या वडिलांना विचारा."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "त्यांनी... पोरगा काय करतो, असं इचारलं तर?"

कुमुदने मान वर केली. "ते मी सांगेन. म्हणेन — बोलतो."